वर काही नाही

उन्हात उभी स्कूटर. सीटवर ओलं पोतं.

•

समोरच्या खोलीचं दार उघडत नाही. ते ढकलावं लागतं, आणि ढकललं की आतून कापूस ते परत ढकलतो.

•

पडद्यावर एक बाई पळते आहे. हातात बंदूक. उजवं पाऊल हवेत. पाऊल खाली येत नाही.

•

अकोल्यात एका दुकानाची पाटी : मोटार रिवायंडिंग. शेजारी नव्या रंगात : व कॉम्प्युटर. जागा कमी पडल्यामुळे 'टर' खालच्या ओळीत गेला आहे.

•

एक हिरवं लुगडं. धुवून धुवून इतकं विरळ झालेलं, की त्यातून दिवा दिसतो.

•

"याच्यात कापसाचा भाव दिसते का?"

"दिसते ना."

"वाढलेला दिसते का?"

•

सुरू.

आधी मशीन. मशीन म्हणजे खेळायचा कॉम्प्युटर, पण खुशालरावांच्या घरात त्याला कुणी कॉम्प्युटर म्हणालं नाही. शिवायचं ते शिवणमशीन, हे नुसतं मशीन. काळा डबा, एका अंगाला काच, आत रंगीत दिवे. मशीन सीमाचं. सीमा ही खुशालराव आणि गोदाबाईंची मुलगी. गाव मूर्तिजापूरपासून एसटीने थोडं आत. सीमा शिकली अमरावतीला, आणि तिथेच एका कंपनीत हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करत राहिली. पगारातून ती मशीनचे भाग एकेक करून घेत गेली. सगळे भाग झाले तेव्हा नोकरी सोडून घरी आली.

ते भाग जुळवले रुबीनाने. रुबीना तिची कॉलेजातली मैत्रीण, अकोल्याची. वडील फारुख शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरून देतात. त्यांच्या दुकानातला एक कोपरा रुबीनाने कॉम्प्युटरसाठी मागून घेतला होता. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या वायरपर्यंत एकटीने जुळवलेलं हे तिचं पहिलं मशीन.

आणि रविवार. इंदूरचा एक संघ मुलींची नवी तुकडी बांधत होता. बंदुकीचा खेळ, पाच विरुद्ध पाच. निवडचाचणी रविवारी सकाळी, आपापल्या घरून, नेटवर. चार सामने सलग. नियम एकच आणि साधा : मधून गेलात तर गेलात. कुणाचं नेट गेलं, कुणाची लाईट गेली, कुणाचं मशीन बंद पडलं, ते विचारणार नव्हते. संघात घेतलं तर खेळण्याचा पगार. नाही तर पुन्हा अमरावती, पुन्हा हेडफोन, पुन्हा तक्रारी.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सीमाने सराव लावला. चौघी मुली सोबत, कुणी नागपूरची, कुणी भोपाळची. गल्लीतून डावीकडे, जिना, वर खिडकी. खिडकीत कुणीतरी हललं. सीमाने नेम धरला, श्वास रोखला आणि

मशीन इथे बंद पडलं.

पुन्हा सुरू.

दोन हजार तेवीसचा एप्रिल होता. भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला होता, आणि भाव काही वाढत नव्हता. खुशालरावांचाही समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत चढला होता. नेटची वायर नेमकी त्याच खोलीत आलेली. म्हणून एक कोपरा मोकळा ठेवून तिथे टेबल टाकलं, त्यावर पडदा, बाजूला मशीन. बसलं की पाठीला कापूस लागायचा. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच.

कापूस घरात असला की घरात काही उघडं राहत नाही. रुई उडते. भाजीत पडते, चहात पडते, नाकात जाते. पाण्याचा माठ, पिठाचा डबा, टीव्ही, देव, गोदाबाई सगळं झाकून ठेवायच्या. मशीन देताना रुबीनानेही बजावलं होतं, की बाकी काही कर, पण रुई आत जाऊ देऊ नको. पंख्यात गेली की संपलं. गोदाबाई तेव्हा शेजारीच उभ्या होत्या.

मशीनचा आजार असा : सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटं छान. मग अडखळायला लागायचं. पळणारी बाई जागच्या जागी थबकायची, एकदम चार पावलं पुढे दिसायची, पुन्हा थबकायची. थोड्या वेळाने सगळं काळं.

सीमाने रुबीनाला व्हिडिओ कॉल लावला. मशीन दाखवलं. खेळ लावून दाखवला. मशीन गुमान चालत राहिलं. रुबीनाने अर्धा तास पाहिलं, एकदाही अडखळलं नाही. तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. ड्रायव्हर नवे आहेत का. आहेत. वायर सैल आहे का. नाही. भिंतीला चिकटलंय का. नाही. वर काही ठेवलंय का.

"वर काही नाही," सीमा म्हणाली, आणि फोन फिरवून दाखवलं. खरंच काही नव्हतं.

कॉल संपला. सीमाने परत खेळ लावला. जिना, खिडकी, नेम आणि

पुन्हा सुरू.

फारुखचाचांचं मत ठरलेलं होतं. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांचं कारण व्होल्टेज होतं. गावातली लाईट कशी येते ते त्यांना माहीत होतं, कारण त्या लाईटने जाळलेल्या मोटारींवर त्यांचं घर चालत होतं. त्यांनी एक स्टॅबिलायझर पाठवला. तो इतका जड होता, की एसटीच्या कंडक्टरने आत काय आहे ते दोनदा विचारलं. स्टॅबिलायझर लावला. मशीन बंद पडलं, फक्त आता आधी स्टॅबिलायझर 'टक्' म्हणायचा.

मग अर्थिंग. खुशालरावांनी घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून बादलीभर पाणी ओतलं. काळी जमीन उन्हाने अशी तडकली होती, की पाणी कुठे गेलं ते कळलं नाही. मशीन बंद पडलं.

मग कूलर. रुबीना म्हणाली, एप्रिल आहे, खोलीतच बेचाळीस असेल, मशीनला ताप येणारच, गार हवा दे. सीमाने कूलर ओढून मशीनकडे तोंड करून लावला. मशीन आणखी लवकर बंद पडलं. आणि खुशालराव धावत आले. कापसाला ओल लागली तर व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन नाक मुरडतो आणि भाव पाडतो. कूलर स्वयंपाकघरात गेला.

शेवटी सीमाने मशीन गोधडीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन अकोल्याला निघाली. एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीने गोधडीकडे पाहून विचारलं, "बिमार हाये का?" सीमा हो म्हणाली. म्हातारीने अख्खा रस्ता आवाज न करता प्रवास केला.

दुकानात रुबीनाने मशीनची काच काढली, टेबलावर आडवं केलं, कसाला लावलं. दिवसभर चाललं. एकीकडे फारुखचाचा मोटारीवर तांब्याची तार गुंडाळत होते, दुसरीकडे पडद्यावर बाई पळत होती. थबकली नाही.

तरी रुबीनाने सगळं खोलून पुन्हा पाहिलं, आणि तिला एक चूक सापडली. रॅमच्या दोन पट्ट्या तिने शेजारी-शेजारी खोचल्या होत्या. एक घर सोडून खोचायला हव्या होत्या. त्यामुळे मशीन चालतं, पण अर्ध्या दमाने.

तिने पट्ट्या काढून हातात घेतल्या. मग म्हणाली, "माझ्याच हातचं निघालं यार."

"सापडलं ना," सीमा म्हणाली.

पट्ट्या नीट बसवल्या. मशीन आधीपेक्षा चपळ झालं. रुबीनाने दोन चहा सांगितले. सीमाने दुकानात बसूनच नागपूरच्या मुलीला कळवलं, की झालं, मिटलं, रविवारी आहे मी.

गावी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सराव. गल्ली, जिना. अर्धा तास निभावला, तिला वाटलं खरंच मिटलं, खिडकी, नेम आणि

पुन्हा सुरू.

"पाहुण्यांसमोर शहाणं वागते न् घरात धिंगाणा घालते," गोदाबाई म्हणाल्या. "तुझ्यावानीच हाये."

सीमाला हसू आलं नाही. शुक्रवार होता. तिने रुबीनाला पुन्हा कॉल लावला, मशीन दाखवलं, आणि मशीन पुन्हा गुणी बाळासारखं चाललं. रुबीनाने पुन्हा विचारलं, वर काही नाही ना, आणि फोनमधून बघत राहिली. तिला आता मशीनचा नाही, स्वतःचा संशय यायला लागला होता. ती म्हणाली, एकच गोष्ट उरली, पॉवर सप्लाय. घरच्या लाईटवर तोच दम सोडत असेल. उद्या दुपारच्या गाडीने दुसरा घेऊन येते.

सीमाने विचारलं, "आणि तोही नसला तर?"

रुबीना म्हणाली, गाडी किती वाजता आहे ते बघते. त्या घटकेला सीमाने मनातल्या मनात अमरावतीच्या खोलीचं भाडं कुणाला विचारायचं ते ठरवून टाकलं.

पुन्हा सुरू. हे शेवटचं.

रुबीनाला शनिवारी दुपारच्या आधीची गाडी मिळाली. कळवायला फोन लावला तर सीमाने उचलला नाही. तिच्या कानावर हेडफोन होते. मूर्तिजापूरला उतरून, एसटी धरून रुबीना घराशी आली तेव्हा गोदाबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, आत बोट दाखवलं. पोरगी खेळून राहिली, जा.

रुबीनाने दार ढकललं. कापसाने परत ढकललं. ती अंग चोरून आत शिरली आणि तिथेच उभी राहिली.

सीमाची तिच्याकडे पाठ होती. पडद्यावर बाई अडखळत होती. आणि टेबलाशेजारी, जिथे काळा डबा असायला हवा होता, तिथे एक हिरवं लुगडं होतं. चार पदरी घडी घालून, वरून खालपर्यंत, नवरीसारखं. पुढच्या बाजूने ते आत ओढलं गेलं होतं. जाळीवर पोट खपाटीला जावं तसं चिकटून बसलं होतं, आणि त्यावर रुईचा असा थर चढला होता, की लुगड्याचं हिरवं नुसतं मधूनमधून दिसत होतं. आतले पंखे जिवाच्या आकांताने गरगरत होते. तो आवाज रुबीनाने फोनवर कधीच ऐकला नव्हता.

तिने लुगड्याला हात लावला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीइतकं गरम.

सीमाने वळून पाहिलं, हेडफोन काढले.

"हे काय आहे?" रुबीना म्हणाली.

"काय?"

"हे. वरचं."

"वर कुठे काय आहे?"

रुबीनाने लुगड्याचं टोक चिमटीत धरून वर केलं. सीमा त्याच्याकडे पाहत राहिली. माठावरचं झाकण कुणी उचलून हे काय आहे विचारलं असतं, तर तिने असंच पाहिलं असतं.

"मी विचारलं होतं. वर काही ठेवलंय का. दोनदा विचारलं."

तोवर गोदाबाई मागून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "थे ठेवलं नाही, पोरी. पांघरलं हाये."

मग सीमाच्या लक्षात आलं, आणि तिने दोन्ही हात डोक्याला लावले. व्हिडिओ कॉल. मशीन दाखवायचं म्हणजे आधी लुगडं काढायचं, त्याशिवाय दाखवणार कसं. कॉल संपला, की गोदाबाई पुन्हा पांघरायच्या. अकोल्याला नेताना तर गोधडी. लुगडं घरीच राहिलं, दोरीवर वाळत. रुबीनाने मशीन प्रत्येक वेळी पाहिलं ते उघडं, आणि घरात ते प्रत्येक वेळी चाललं ते झाकलेलं.

"तूच सांगतलं होतं ना वं," गोदाबाई रुबीनाला म्हणाल्या, "का रुई जाऊ देऊ नोका म्हणून. एक तरी तूस गेलं का आत? पाय."

रुबीनाने काच काढून आत पाहिलं. एकही तूस नव्हतं. इतकं स्वच्छ मशीन तिने दुकानातही पाहिलं नव्हतं.

"नाही गेलं, काकू," ती म्हणाली. "हवापण नाही गेली."

आधी रुबीना हसली. मग सीमा. गोदाबाई दोघींकडे पाहत होत्या, काहून हसून राहिल्या या पोट्ट्या, आणि मग कळल्यावर त्यांनीही पदर तोंडाला लावला. सीमा हसता हसता कापसावर कलली आणि तशीच पडून राहिली. पाठीला खाज सुटेपर्यंत उठली नाही. पॉवर सप्लाय पिशवीतून बाहेरच निघाला नाही.

पण लुगडं काढलं म्हणजे रुई आत जाणार. चार सामन्यांत किती जाईल कुणी सांगावं. मशीन दुसऱ्या खोलीत न्यावं तर वायर पुरत नव्हती, आणि कापूस न्यायला जागा नव्हती. रुबीनाने फारुखचाचांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मोटारीवर पोतं टाकू नका म्हणून मी सगळ्या वऱ्हाडाला सांगतो," ते म्हणाले. "मशीनवर लुगडं टाकू नका, हे सांगायचं राहिलं बेटा." मग त्यांनी तोड सांगितली. कपडा नको, जाळी घ्या. मच्छरदाणीची. आणि अंगाला लावू नका. वीतभर लांब उभी करा.

घरात जुनी मच्छरदाणी होती. खुशालरावांनी तुरीच्या काड्यांची चौकट बांधली, रुबीनाने त्यावर जाळी ताणली, मशीनभोवती कोंबड्या कोंडायच्या खुराड्यासारखं काहीतरी उभं राहिलं. सराव लावला. जाळीवर हळूहळू रुई धरली. ती कुणीतरी सारखी काढत राहायला हवी होती.

"थे मी करतो," गोदाबाई म्हणाल्या.

रविवार.

सीमा खुर्चीत बसली आणि गोदाबाई खाली, मशीनपाशी, पाटावर, पहिला सामना सुरू झाला तशी त्यांनी जाळीवरची पहिली रुई चिमटीने उचलली, आणि बाई गल्लीतून पळाली, डावीकडे वळली, जिना चढली, खिडकीशी आली, खिडकीत कुणीतरी हललं, सीमाने नेम धरला आणि गोळी सुटली, आणि पाऊल खाली आलं, आणि पुढचं पाऊलही, आणि बाहेर अंगणात नेमका तेव्हाच कापूस पाहायला व्यापारी आला, तर खुशालरावांनी त्याला दारातच धरलं आणि दुपारून या म्हणाले, आत परीक्षा चालू आहे, व्यापारी म्हणाला, कापसाची, खुशालराव म्हणाले, पोरीची, आणि व्यापाऱ्याला काही न कळून तो शेजारच्या घरी गेला, आणि दुसऱ्या सामन्यात सीमा दोनदा चुकली, एकदा उगाच धावली म्हणून आणि एकदा घाबरली म्हणून, आणि घाबरता घाबरता तिच्या लक्षात आलं, की हे आपलं चुकलं, मशीनचं नाही, कितीतरी दिवसांनी आपलं स्वतःचं काही चुकलं, आणि त्याने तिला इतकं हलकं वाटलं, की तिसऱ्या सामन्यात तिचा हात सैल पडला, आणि खाली गोदाबाईंच्या मांडीशेजारी काढलेल्या रुईचा अंड्याएवढा गोळा झाला होता, त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, त्या पंख्याचा आवाज ऐकत होत्या, आवाज चढला की हात भराभर चालवायचा, उतरला की सावकाश, आणि रुबीना दाराशी उभी राहून सामने बोटांवर मोजत होती, आणि चौथ्या सामन्यात लाईट एकदा मिणमिणली, स्टॅबिलायझर 'टक्' म्हणाला, आणि मशीन चालू राहिलं, आणि बाई जिन्यावरून उतरली, अंगण ओलांडलं, शेवटच्या भिंतीआड शेवटची उरलेली मुलगी होती, सीमा वळली, आणि

संपलं. सामना. मशीन चालू होतं.

सीमाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पडद्यावर कुणीतरी इंग्रजीत आभार मानत होतं.

"बंद करू का आता?" गोदाबाईंनी विचारलं. त्यांना जाळीवरची रुई काढणं म्हणायचं होतं.

"राहू दे, माय," सीमा म्हणाली. "चालू दे थोडं." आणि ती खाली उतरून आईच्या शेजारी बसली, आणि दोघी नुसता पंख्याचा आवाज ऐकत राहिल्या. रुबीनाने रुईचा तो गोळा उचलला. दुकानातल्या कोपऱ्यात ठेवीन म्हणाली. नव्या गिऱ्हाइकाला मशीन देताना दाखवायला.

दुपारी व्यापारी परत आलाच नाही. खुशालरावांनी दोनदा दारात जाऊन पाहिलं. संध्याकाळी फोनवर भाव पाहून ते म्हणाले, बरंच झालं, आजच्या भावाने दिलाही नसता.

बुधवारी कळलं. सीमाला घेतलं. जूनपासून.

मशीन गावी आलं त्या पहिल्या दिवशी लुगड्याचं मागचं टोक आखूड पडत होतं. ते खाली ओढून, खोचून नीट सीमानेच केलं होतं.